चेंबर नंबर तीनची गोलकीपर

आमच्या विद्यापीठाच्या आइस हॉकी विभागाचा इतिहास लिहून द्या, असा मेल मला जानेवारीत आला. ‘पाचशे शब्दांत, शक्यतो प्रेरणादायी’ अशी सूचनाही सोबत होती. विभाग बंद करताय आणि वर प्रेरणा मागताय, लाज कशी वाटत नाही, असं उत्तर मी टाइप केलं आणि पुसलं. मी हिंजवडीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे. लिहिलेलं पुसणं हे माझं निम्मं काम आहे.

पाचशे शब्द मी दिले. स्मरणिकेत छापूनही आले, माझ्या फोटोसकट. त्यात जे नव्हतं ते इथं लिहितेय, आणि हे मात्र पुसणार नाही.

चाकणला आइस हॉकी म्हटलं की लोक हसतात. हसू देत, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. सोपानराव सर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या आमच्या नव्याकोऱ्या विद्यापीठात क्रीडाशिक्षक म्हणून लागले. नोकरीतली पाच वर्षं त्यांनी लडाखला काढली होती. तिथं गोठलेल्या तळ्यावर जवानांबरोबर ते हा खेळ खेळले आणि तो त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. क्रिकेटमध्ये आपल्याला कोण विचारतंय, ज्या खेळात आसपास कोणीच नाही त्यात आपण पहिले, हे त्यांनी कुलगुरूंच्या गळी उतरवलं. मुलींचा संघ काढला तर पेपरात फोटो येतो, हे कुलगुरूंना आपोआप कळलं. पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर सराव सुरू झाला. सगळं होतं, फक्त बर्फ नव्हता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

बर्फाची सोय माझ्या वडिलांकडे होती. दादासाहेब म्हणजे माझे वडील, त्यांचं महाळुंग्यात कोल्ड स्टोरेज होतं. दोन चेंबर बटाट्याची, आणि तिसरं गोठवलेल्या मटारचं, उणे अठरा अंशांचं. मटार डिसेंबरच्या मध्यावर यायचा. त्याआधी दोन महिने तीन नंबर रिकामंच असायचं. सर विचारायला आले तेव्हा दादा म्हणाले, “मास्तर, रिकामंच हाय. खेळू द्या पोरींना. फकस्त आमची तनू संघात पायजे बगा.” मला स्केट्सवर धड उभंही राहता येत नव्हतं. मग जिला धावावं लागत नाही ती जागा कोणती, असं दादांनी विचारलं आणि मी गोलकीपर झाले.

बर्फ तयार करायचे युनूसचाचा. कोल्ड स्टोरेजचं मशीन बसवल्यापासून तेच सांभाळायचे. त्यांनी जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलं, कडेनं फळ्या लावल्या आणि बागेच्या झारीनं पाणी मारायला सुरुवात केली. एक थर गोठला की दुसरा, असे दोन दिवस आणि दोन रात्री. शेवटचा थर गरम पाण्याचा. गरम पाणी बर्फाचे उंचवटे वितळवून बसतं आणि काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग येतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दोनदा फसल्यावर त्यांचं त्यांना कळलं. बर्फ झाला की त्यावर पहिलं कोणी जायचं, तर त्यांची मुलगी साबिया. तेव्हा अकरावीत होती. कुठं फुगवटा आहे, कुठं तडा आहे, ते ती पायानं सांगायची.

चेंबर छोटं होतं. अख्खं मैदान सोडा, त्याचा एक कोपराही तिथं मावला नसता. एका भिंतीला गोलची चौकट, समोर पंचवीस फूट बर्फ, की संपलं. पळायला जागाच नाही. त्यामुळे बाकीच्या मुलींनी समोरच्या भिंतीशी रांगेत उभं राहायचं आणि पक मारायचा. पक म्हणजे या खेळाचा चेंडू, रबराची टणक काळी चकती. जगात कुठल्याही गोलकीपरला दिवसाला एवढे फटके बसत नसतील तेवढे आमच्या चौकटीवर बसायचे. बाकी संघ कच्चा राहिला, पण गोलकीपर तयार झाली.

ती मी नव्हते. पहिल्याच आठवड्यात एक चकती माझ्या मांडीवर बसली आणि मी रडले. दुसऱ्या दिवशी युनूसचाचांनी साबियाला माझ्यापुढं आणून उभं केलं. “मालकांची पोर हाय, तिला लागलं तर मी तोंड कसं दावू? तू उभी राहा तिच्या जागंवर. सराव व्हईस्तोवर.” साबिया मला म्हणाली, “ताई, तुम्ही बसा, मी राहते उभी.” मी बसले. स्वेटर घालून, दाराशी, हातात चहाचा कप घेऊन. सर आले की उठायचे, गेले की बसायचे. दोन हिवाळे मी असेच काढले आणि सराव तिचा झाला. सरांना हे माहीत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. चेंबर आमचं होतं, ते काय बोलणार?

बारा वर्षांपूर्वी जानेवारीत लेहला विद्यापीठांची निमंत्रित स्पर्धा होती. सहा संघ. आम्ही गेलो तेव्हा साबियाही बरोबर होती. स्केट्सना धार लावायची, सामान सांभाळायचं, हे काम तिला येत होतं म्हणून सरांनी तिला मदतनीस म्हणून घेतलं. पहिल्या सामन्यात मी अकरा गोल खाल्ले. अकरावा तर मी डोळे मिटून खाल्ला. त्या संध्याकाळी मी डोकं धरून झोपले आणि विरळ हवेचा त्रास होतोय म्हणून सांगितलं. त्रास होत होता, नाही असं नाही. पण भीती त्याहून मोठी होती आणि तिला औषध नव्हतं.

संघात गोलकीपर एकच. सकाळी सर आमच्या खोलीत आले, माझ्याकडं बघितलं, मग साबियाकडं बघितलं. मीच उशाखालची माझी जर्सी काढून तिला दिली. गोलकीपरच्या तोंडावर जाळीचं हेल्मेट असतं, अंगावर दहा-बारा किलोचं सामान असतं. आत कोण आहे हे जन्म दिलेल्या आईलाही ओळखू येत नाही.

जर्सी माझी, ओळखपत्र माझं, हात तिचे. पुढच्या तीन सामन्यांत तिनं मिळून दोन गोल खाल्ले. तिसऱ्या क्रमांकाचा सामना आम्ही एक-शून्य जिंकलो. आमचा तो एक गोल कसा झाला कोणालाच नीट कळलं नाही, पण त्यांचे एकोणतीस फटके तिनं अडवले हे मी मैदानासमोरच्या आमच्या खोलीच्या खिडकीतून मोजलं. शेवटच्या फटक्याला ती आडवी झेपावली, त्याच क्षणी कोणीतरी फोटो काढला. अतिशय सुंदर फोटो आहे. पेपरात आला तेव्हा खाली छापलं होतं, ‘गोलकीपर तनुजा’.

कांस्यपदक घेऊन आलो तेव्हा चाकणच्या चौकात दादांनी फ्लेक्स लावला होता. ‘चाकणच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.’ मी, दादा, आणि वर कोपऱ्यात सगळे पुढारी. साबियानंच मला त्याच्याखाली उभं करून मोबाइलवर फोटो काढला. “ताई, जरा हसा की,” म्हणाली. मी हसले.

हे सगळं मला इतकं मोठं वाटलं नव्हतं. मोठं झालं ते जूनमध्ये. साबिया बारावी पास झाली आणि आमच्या विद्यापीठात खेळाडूंच्या जागेवर अर्ज करायला आली. खेळाडूंना फी माफ होती, त्याशिवाय युनूसचाचांना ते झेपणारं नव्हतं. मी मोठ्या तोऱ्यात तिच्याबरोबर प्रवेशाच्या खिडकीशी गेले. आतल्या कुसुमताईंनी विचारलं, “आइस हॉकी का? बरं. प्रमाणपत्र कुठंय?” साबियानं माझ्याकडं बघितलं. प्रमाणपत्र माझ्या घरी, दिवाणखान्यात, फ्रेममध्ये होतं.

मी तेव्हा बोलू शकत होते. खिडकीवर रांग नव्हती, ऊन नव्हतं, घाई नव्हती. मी मूग गिळून उभी राहिले. कुसुमताई चांगल्या होत्या, म्हणाल्या, “आधी प्रवेश घे, खेळ, मग पुढच्या वर्षी सवलत मिळेल.” प्रवेशासाठी सवलत हवी, सवलतीसाठी प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्रासाठी प्रवेश. जिच्यामुळे त्या खेळाचं नाव झालं तिलाच त्या दारातून आत जाता येईना. बाहेर आल्यावर साबिया म्हणाली, “जाऊ द्या ताई. मी खेळले ते मला ठाऊक आहे ना.” सर म्हणाले, “पुढच्या वर्षी काहीतरी करू.” पुढच्या वर्षी दादांनी कोल्ड स्टोरेजची जागा एका गोदामवाल्या कंपनीला विकली. तीन नंबर पाडायला एक सकाळ पुरली. त्याच वर्षी साबियाचं लग्न झालं, कासारवाडीत गॅरेज असलेल्या नदीमशी. मला मात्र त्या फ्रेममधल्या कागदावर एमबीएला खेळाडूंच्या कोट्यातून जागा मिळाली. पुढं नोकरी, हिंजवडी, सगळं त्यावरच. कोणी विचारलं तर मी ‘हो, खेळायचे कॉलेजात’ असं म्हणायचे आणि विषय बदलायचे.

बर्फ गेल्यावर विभाग दहा वर्षं पार्किंगमध्येच चाकांवर फिरत राहिला. एकही पदक नाही. यंदा तो बंद करायचं ठरलं आणि आठवण म्हणून एक दालन, एक स्मरणिका, एक सत्कार. सत्कार कोणाचा, तर माझा.

फेब्रुवारीत साबियाचा फोन आला. आठ-नऊ वर्षांनी. आवाज तोच, थोडा दमलेला. युनूसचाचांच्या मयतीला मी गेले नव्हते, त्याबद्दल ती काही बोलली नाही. तिची मुलगी झुलेखा चौथीत आहे. शाळेत ‘माझी आई’ यावर बोलायचं होतं. झुलेखानं सांगितलं की माझी अम्मी बर्फावरच्या हॉकीची गोलकीपर होती आणि तिनं लेहला पदक जिंकलं. बाईंना कौतुक वाटलं. त्यांनी तिथंच मोबाइलवर शोधलं. फोटो निघाला, खाली नाव माझं. अख्खा वर्ग हसला.

“घरी आली ती रडत नव्हती, ताई. रडली असती तर बरं झालं असतं. मला म्हणाली, अम्मी, तू खोटं का बोललीस? आता माझं कुठलंच काही खरं धरत नाही. दूध ताजं आहे म्हटलं तरी वास घेऊन बघते.” साबिया हसायचा प्रयत्न करत होती. “मला पदक नको, कागद नको. तुम्ही एकदा तिला सांगाल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल.”

मी म्हणाले, “एकटीला कशाला, सगळ्यांसमोर सांगते. सत्काराला घेऊन ये तिला.” हे बोलताना माझा ऊर भरून आला होता. दुसऱ्याचं देणं देताना माणसाला आपण दानशूर वाटतो, तसं काहीतरी.

आदल्या दिवशी मी सरांना सांगायला गेले. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, तनुजा. तेवढं एकच पदक आहे माझ्या अख्ख्या आयुष्यात. बनावट खेळाडू उतरवला म्हणून ते परत मागतील. पेपरात येईल. असला शिक्का घेऊन मरू का मी?” मला राग आला. म्हटलं, “सर, आणि तिनं कुठला शिक्का घेऊन जगायचं?” ते डाव्या हातानं उजवा हात कुरवाळत बसले. मी चपला घातल्या आणि निघाले. त्या दिवशी मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

सत्काराची सभा सकाळी अकराला होती. दालनाच्या दाराशी तो फोटो, माणसाहून मोठा करून लावलेला. निवेदिकेनं मला ‘चाकणची हिमभिंत’ म्हटलं. मी भाषण कागदावर लिहून आणलं होतं. दुसऱ्याच ओळीत वाक्य होतं, ‘तो फोटो माझा नाही.’ लांबलचक मजकूर नव्हता, चार शब्दांचं वाक्य होतं.

पहिली ओळ वाचली आणि समोर बघितलं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत सर, मान खाली. त्यांच्याशेजारी फेटा बांधलेले दादा, ऐंशीच्या घरातले, लेकीचं शूटिंग करायला मोबाइल दोन्ही हातांनी धरलेला. त्यांच्या मागं माझ्या कंपनीचे साहेब, मीच बोलावलेले. आणि तिसऱ्या रांगेत साबिया, निळ्या ओढणीत, आणि शेजारी शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली झुलेखा. साबिया माझ्याकडं बघत होती. झुलेखा आईकडं बघत नव्हती.

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगते, ओठ उघडले होते. पण पक समोरून येताना दिसला की मला जे व्हायचं तेच झालं. मी कागदावरून नजर काढली आणि म्हणाले, “या यशात आमच्या साबियाचा फार मोठा वाटा आहे. ती आमचं सगळं सामान सांभाळायची. स्केट्सना धार लावायची. अशी माणसं पडद्यामागं असतात म्हणून आपण पुढं दिसतो. साबिया, उभी राहा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या, त्यांना ते आवडलं. सरांनी मान वर केली. साबिया एक क्षण बसूनच राहिली. मग उठली, सगळ्यांकडं वळून तिनं हात जोडले आणि खाली बसली. बसताना तिनं ओढणी सारखी केली.

सभा संपल्यावर मला पळून जायचं होतं, पण लोक फोटोपाशी थांबवून माझ्याबरोबर सेल्फी काढत होते. साबिया आली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारावी, असंही वाटलं. तिनं मुलीचा हात धरला होता. झुलेखा मान मागं टाकून त्या भल्यामोठ्या फोटोकडं बघत होती.

“शेवटचा फटका तुम्हाला इथं लागला ना?” तिनं स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवून मला विचारलं. “अम्मी सांगते, चकती इथं लागली आणि हाड मोडलं, तरी सोडली नाही. अम्मीचं पण इथलं हाड वर आलंय. ती म्हणते त्या चकतीनंच.”

ते हाड मी विसरले नव्हते. लेहच्या त्या खोलीत माझ्याच ओढणीनं मी तिचा हात गळ्यात बांधला होता आणि डॉक्टरला दाखवलं तर नाव विचारतील म्हणून आम्ही दाखवलं नव्हतं. ते तसंच वेडंवाकडं जुळलं. मी तोंड उघडलं. अजूनही वेळ गेलेली नव्हती, समोर फक्त नऊ वर्षांची मुलगी होती. दादा, साहेब, सर, कोणीही नव्हतं.

माझ्याआधी साबिया बोलली.

“अगं, ते बर्फाची लादी पडून झालंय मला. आजोबांच्या कामावर.” ती मुलीशेजारी खाली बसली, गुडघ्यांवर. “हे बघ झुले. ताईच खेळल्या होत्या. मी बाहेरून बघत होते. रोज बघून बघून मला वाटायला लागलं, आपणच खेळलो. अम्मी खोटं बोलली. पुन्हा नाही बोलणार. झालं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला आता फक्त एवढंच हवं होतं की घरी गेल्यावर मुलीनं दुधाचा वास घेऊ नये. जे खरं होतं त्यानं ते मिळणार नाही हे तिला तिसऱ्या रांगेत उभं राहून हात जोडतानाच कळलं होतं, म्हणून तिनं खोट्यानं मिळवलं. माझ्या जागी ती पुन्हा एकदा उभी राहिली आणि मी पुन्हा एकदा बसून राहिले.

झुलेखानं आईकडं बराच वेळ बघितलं. मग तिच्या गळ्यात हात टाकला, त्या वर आलेल्या हाडावर गाल टेकवला. किती दिवसांनी, ते मला साबियाच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग झुलेखा माझ्याकडं वळली. शाळेत शिकवतात तशी ताठ उभी राहिली.

“सॉरी ताई,” ती म्हणाली. “अम्मीनं तुमचं नाव चोरलं होतं. तिच्यावर रागावू नका.”

“नाही रागावणार, बाळा,” मी म्हणाले.